औषध नेमकं पोचतं कुठे?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आजही दिलं जाणारं मुख्य औषध, फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल (फाइव्ह-एफयू), १९५७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांनी पुढे आणलं. नंतर त्याला जोडीदार औषधं मिळाली, देण्याच्या पद्धती सुधारल्या. एक गोष्ट मात्र बदलली नाही. औषध शिरेतून रक्तात जातं, आणि रक्त जाईल तिथे तिथे तेही जातं. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. अशा वेळी औषध गाठीकडेच वळवण्याचा कोणताही प्रामाणिक प्रयत्न बारकाईने पाहायला हवा.

त्यातला एक प्रयत्न पेशींपासून मिळवलेल्या सूक्ष्म पुटिकांचा आहे. पेशीच्याच पातळ पटलाने वेढलेल्या या पिशव्यांमध्ये केमोचं औषध भरायचं आणि त्यांच्यामार्फत ते गाठीपर्यंत न्यायचं, अशी ही कल्पना. पुढचा संवाद त्याविषयी आहे. आत्या कर्करोगतज्ज्ञ, तिची सारी कारकीर्द केमोच्या वॉर्डात गेली. भाचा पेशीपुटिकांवर संशोधन करतो. रुग्णाचं भलं दोघांनाही हवं आहे. वाद आहे तो पुरावा कशाला म्हणायचं याचा.

आत्या: तुझ्या पुटिकांकडे वळण्याआधी विचारते, आम्ही देतो त्या औषधांत तुला खोट कुठे दिसते?

भाचा: औषधात दिसत नाही, त्याच्या प्रवासात दिसते. फाइव्ह-एफयू डीएनए बांधायला लागणाऱ्या थायमिडीनचा पुरवठा तोडतं. भराभर विभागणारी पेशी त्यामुळे मरते. पण आतड्याच्या अस्तरातल्या, तोंडातल्या, अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही भराभर विभागतात. म्हणून तोंड येतं, जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी उतरतात. मग डोस कमी करावा लागतो. गाठीला किती औषध द्यायचं हे गाठ ठरवत नाही, शरीर किती सोसतं यावर ते ठरतं.

आत्या: यात ऑक्सॅलिप्लॅटिन या जोडीदार औषधाची भर घाल. ते दिल्यावर रुग्णाला थंड पाण्याचा ग्लास हातात धरवत नाही. फ्रिजमधली वस्तू काढली तरी बोटांना झिणझिण्या येतात. हा त्रास काही दिवसांत उतरतो, पण डोस साठत गेले की बधिरपणा मुक्कामाला येतो. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पायातली चप्पल सुटली तरी कळत नाही. २००४ साली मोझॅक चाचणीचे निकाल आले. शस्त्रक्रियेनंतर फाइव्ह-एफयूला ऑक्सॅलिप्लॅटिनची जोड दिली, तेव्हा तीन वर्षांत आजार न उलटलेल्यांचं प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेलं. त्याच चाचणीत उपचार चालू असताना जवळपास १२ टक्के लोकांना मज्जातंतूंचा तीव्र त्रास झाला. हा सौदा आम्ही रुग्णापुढे ठेवतो, आणि तो करण्यासारखा आहे म्हणूनच ठेवतो. तेव्हा दुखणं कुठे आहे यावर आपलं एकमत आहे. शंका आहे ती तुझ्या उपायाबद्दल.

भाचा: मग उपायाची गोष्ट मुळापासून सांगतो. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलला रोझ जॉनस्टोन मेंढीच्या अपक्व लाल रक्तपेशींचा अभ्यास करत होत्या आणि सेंट लुइसमध्ये फिलिप स्टाल यांचा गट उंदरांच्या तशाच पेशींचा. लाल पेशी पक्व होताना लोह आत घेणारं एक प्रथिन तिला नकोसं होतं. पेशी ते सूक्ष्म पुटिकांत बांधून बाहेर टाकते, असं दोन्हीकडे दिसलं. पुढे जॉनस्टोननी या पुटिकांना एक्सोसोम हे नाव दिलं. बरीच वर्षं लोक त्यांना पेशीचा कचराच समजत होते. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रोगप्रतिकारक बी-पेशींच्या पुटिका टी-पेशींना चेतवू शकतात. २००७ मध्ये स्वीडनमधल्या यान लोटव्हाल यांच्या गटाला दिसलं की पुटिकांतला आरएनए दुसऱ्या पेशीत पोचतो आणि तिथे त्यावरून प्रथिनही तयार होतं. म्हणजे साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या या पिशव्यांतून पेशी एकमेकींना माल पाठवतात. त्याच पिशव्यांतून औषध पाठवता येईल, ही कल्पना तिथूनच निघाली.

आत्या: पेशीने स्वतः पाठवलेला माल पोचतो, एवढ्यावरून आपण भरलेला मालही पोचेल असं सिद्ध होत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे कुणी करून दाखवलं?

भाचा: २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांग इथल्या पोस्टेक विद्यापीठात, योंग सोंग गो यांच्या गटाने. त्यांच्यापुढे पहिली अडचण अशी होती की पेशी आपणहून फार थोड्या पुटिका सोडतात आणि त्या शुद्ध करणं जिकिरीचं असतं. त्यांनी पेशीची वाट पाहणंच सोडून दिलं. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज जातीच्या पेशी घेतल्या आणि आधी १०, मग ५, मग १ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळण्यांतून दाबून काढल्या. सोऱ्यात पीठ दाबल्यावर ते साच्याच्या छिद्राएवढं होऊन बाहेर येतं, तसं पेशीचं पटल तुटतं. पण पीठ तुटलेलंच राहतं, आणि पटलाचे तुकडे मात्र पाण्यात लगेच आपापले मिटून नव्या छोट्या पुटिका बनतात. त्यात औषध मिसळलेलं असेल तर तेही आत अडकतं. अशा रीतीने त्यांना नैसर्गिक एक्सोसोमच्या शंभरपट पुटिका मिळाल्या. पटलावरची प्रथिनं मूळ पेशीप्रमाणेच बाहेरच्या बाजूला राहिली. या पुटिकांत डॉक्सोरुबिसिन भरून त्यांनी त्या सीटी-२६ या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांना शिरेतून दिल्या. गाठींची वाढ मंदावली, आणि तितक्याच परिणामाला पुरेल एवढं मोकळं औषध दिल्यावर जे दुष्परिणाम दिसले ते इथे दिसले नाहीत. पटलावर अशी प्रथिनं नसलेल्या लिपोसोममधून, म्हणजे चरबीच्या कृत्रिम पुटिकांमधून, तेच औषध दिलं, तर गाठीवर फारसा परिणाम झाला नाही.

आत्या: इथेच मला थांबावंसं वाटतं. डॉक्सोरुबिसिन आम्ही स्तनाच्या कर्करोगात देतो, लिम्फोमात देतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात देत नाही, कारण या गाठी त्याला दाद देत नाहीत. माझ्या रुग्णाला मिळतं ते फाइव्ह-एफयू किंवा त्याचं गोळीतलं रूप कॅपेसायटाबिन, ऑक्सॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन. मग जे औषध या आजारात वापरलंच जात नाही ते भरून दाखवण्याचा मला काय उपयोग?

भाचा: आक्षेप बरोबर आहे. प्रयोगशाळा डॉक्सोरुबिसिनकडे का वळते तेही सांगतो. ते प्रकाशात स्वतःच चमकतं. पुटिकेत किती भरलं, पेशीत किती शिरलं, हे वेगळं रंगद्रव्य न लावता दिसतं. शिवाय ते पटलाला आणि डीएनएला चिकटतं, त्यामुळे आत टिकून राहतं. फाइव्ह-एफयूचा रेणू लहान आणि पाण्यात विरघळणारा, तो भरला तरी गळून जातो. वाहनाची परीक्षा घ्यायला सोपं ओझं निवडलं, असं समज. पण म्हणून त्या प्रयोगाने आतड्याच्या कर्करोगाचा उपचार सापडला असं मी म्हणणार नाही. पेशी फोडून बनवलेली पुटिका रक्तातून गाठीपर्यंत जाऊ शकते, एवढंच त्याने दाखवलं.

आत्या: मग अवघड ओझं कुणी उचललं आहे का?

भाचा: २०२० मध्ये चीनच्या एका गटाने. कर्कपेशी फाइव्ह-एफयूला सरावतात आणि मग औषध लागू पडत नाही, हे तू रोज पाहिलं आहेस. त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे मिआर-२१ नावाचा छोटा आरएनए. तो गाठीत वाढतो आणि पेशीला मरणापासून वाचवणाऱ्या यंत्रणांना बळ देतो. या गटाने पुटिकांच्या पटलावर कर्कपेशीवरच्या एचईआर-२ या ग्राही प्रथिनाला पकडणारा एक तुकडा बसवला आणि आत दोन गोष्टी एकत्र भरल्या: फाइव्ह-एफयू आणि मिआर-२१ला अडवणारा रेणू. फाइव्ह-एफयूला दाद न देणाऱ्या एचसीटी-११६ पेशींवर आणि उंदरांतल्या गाठींवर ही जोडी एकट्या औषधापेक्षा बरीच प्रभावी ठरली. आता ऐक, आत्या. असा आरएनए-रोधक मोकळा शिरेतून दिला तर तो रक्तात फार काळ टिकत नाही आणि आपणहून पेशीत शिरत नाही. त्याला वाहन लागतंच. दोन वस्तू एकाच पेशीत, एकाच वेळी पोचवायच्या असतील, तर तुमच्या सलाईनच्या बाटलीतून ते कसं जमणार?

आत्या: हा मुद्दा मला पटतो. सरावलेली गाठ पुन्हा औषधाला वश करता आली, तर दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या उपचारात आमच्याकडे नसलेलं काहीतरी हाती येईल. पण या पुटिका गाठ ओळखतात कशा, ते सांग. 'लक्ष्यवेधी' असं तुम्ही फार सहज लिहिता.

भाचा: कोरियातल्या प्रयोगापुरतं बोलू. मोनोसाइट ही सुजेकडे धावणारी पेशी. सुजलेल्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर आयकॅम-१ सारखी प्रथिनं उगवतात आणि मोनोसाइटच्या पटलावरचं एलएफए-१ त्यांना पकडतं. गाठीतल्या रक्तवाहिन्याही अशाच चेतलेल्या असतात. मोनोसाइटपासून केलेल्या पुटिकेवर तेच एलएफए-१ शाबूत असतं.

आत्या: म्हणजे तुझी पुटिका कर्करोग ओळखत नाही, सूज ओळखते. माझ्या रुग्णाच्या शरीरात सूज काय फक्त गाठीत असते? शस्त्रक्रियेची जखम भरत असते, केमोसाठी पोर्ट बसवलेल्या जागी लाली असते, दाताचं दुखणं असतं. आतड्याला जुना दाह असलेल्यांमध्येही हा कर्करोग होतो. त्यांच्या तर सबंध आतड्यात सूज असते. तिथे तू औषध उतरवशील. प्रयोगातल्या उंदराला गाठीशिवाय दुसरं काहीच दुखणं नसतं, म्हणून तो फरक तुला दिसत नाही.

भाचा: म्हणून तर पटलावर नेमका तुकडा बसवण्याचं काम चाललं आहे. तरीही कोणताच तुकडा फक्त गाठीवर असतो असं नाही, हे मान्य करतो.

आत्या: आता प्रमाणाचं बोलू. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांचे नॅनोकणांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. बाकीचा मोठा भाग यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. तुझ्या पुटिकाही त्याच वाटेने जातात. शिरेत दिलेल्या पुटिका उंदराच्या रक्तातून काही मिनिटांतच बऱ्याचशा नाहीशा होतात, हे तुमच्याच क्षेत्रातले लोक सांगतात.

भाचा: आकडे खरे आहेत. पण तेच माप तू मोकळ्या औषधालाही लाव. शिरेतून दिलेल्या फाइव्ह-एफयूपैकी ८० टक्क्यांहून जास्त औषध डीपीडी नावाचं एन्झाइम मोडून टाकतं, मुख्यतः यकृतात. तेही रक्तात मिनिटांच्या हिशोबानेच टिकतं, म्हणून तर तुम्ही पंप लावून ते ४६ तास थेंबथेंब देता. गाठीत टक्का किती पोचला हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेलं औषध कुठे गेलं आणि तिथे त्याने काय केलं, हा दुसरा अर्धा. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं लिपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन आठव. त्याने हृदयाची हानी कमी केली, आणि तेवढ्यासाठीच ते मोलाचं ठरलं.

आत्या: उदाहरण तूच दिलंस, आता ते पूर्ण करू. हृदय वाचलं, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलण्याचा त्रास वाढला, कारण ते कण कातडीत झिरपू लागले. रुग्ण जास्त जगले का, तर बहुतेक ठिकाणी मोकळ्या औषधाइतकेच जगले. वाहन बदललं की विषाचा पत्ता बदलतो. विष नाहीसं होत नाही. तुझ्या पुटिका यकृतात साठणार असतील, तर यकृतावर काय गुदरतं ते मला आधी दाखव. माझ्या रुग्णांचं यकृत ऑक्सॅलिप्लॅटिन आणि इरिनोटेकॅनने आधीच शिणलेलं असतं.

भाचा: पण हा कर्करोग पसरतो तेव्हा बहुधा आधी यकृतातच जातो, कारण आतड्याचं रक्त थेट तिकडे वाहतं. पुटिका यकृतात थांबतात हे दुसऱ्या अवयवांच्या कर्करोगात वैगुण्य असेल. इथे त्याचा उपयोग करून घेता येईल.

आत्या: यकृतात थांबणं आणि यकृतातल्या गाठीत शिरणं यात फरक आहे. त्या पुटिका गिळतात यकृतातल्या कुप्फर पेशी. औषध त्यांच्या पोटात गेलं तर तुझ्याच पुटिकेने यकृताची रखवालदारी करणाऱ्या पेशी मारल्या असं होईल.

भाचा: त्यावरही काम झालं आहे. टेक्सासच्या एमडी अँडरसन केंद्रात रघू कल्लुरी यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की पुटिकेच्या पटलावरचं सीडी-४७ हे प्रथिन तिला गिळल्या जाण्यापासून काही प्रमाणात वाचवतं. त्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगात केआरएएस जनुकातला एक बिघाड गप्प करणारा आरएनए पुटिकांतून उंदरांना दिला, आणि पुढे ते काम माणसांवरच्या चाचणीपर्यंत नेलं. मोठ्या आतड्याच्या सुमारे ४० टक्के गाठींत केआरएएस बिघडलेलं असतं, म्हणून ती चाचणी आपल्याही कामाची आहे.

आत्या: माणसांवर म्हणालास, तर तेवढंच विचारते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केमो भरलेली पुटिका शिरेतून देऊन तिचा फायदा मोठ्या चाचणीत दिसला आहे का?

भाचा: नाही. या आजारात माणसांवर झालेलं काम वेगळ्या वाटेचं आहे. २००८ मध्ये चीनमध्ये प्रगत अवस्थेतल्या ४० रुग्णांना त्यांच्याच पोटातल्या पाण्यातून काढलेले एक्सोसोम लशीसारखे टोचले होते. ते सोसवले, एवढं पहिल्या टप्प्यात दिसलं. हळदीतलं करक्युमिन वनस्पतींच्या पुटिकांतून आतड्याच्या गाठीपर्यंत नेण्याची चाचणी अमेरिकेत लुइव्हिलला आखली गेली. केमो भरलेल्या पुटिका माणसांना दिल्या गेल्या त्या वुहानमध्ये. फुप्फुसाभोवती साचलेल्या कर्करोगाच्या पाण्यात मेथोट्रेक्सेट भरलेल्या पुटिका थेट सोडल्या. तिथे रक्तातला लांबचा प्रवासच नव्हता.

आत्या: आणि मला वाटतं, तिथेच काहीतरी शिकण्यासारखं आहे. पोटाच्या आवरणावर पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात आम्ही फार हतबल असतो. औषध थेट पोटात सोडायचं असेल तर यकृताचा अडसर बराच टळेल. आता मला खटकणाऱ्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. या पुटिका कुणाच्या पेशींच्या? प्रयोगात वापरली जाणारी यू-९३७ ही मोनोसाइटची सेल लाइन मुळात एका रुग्णाच्या कर्कपेशींपासून निघालेली आहे. पेशी फोडली की तिच्या केंद्रकातला डीएनए, एन्झाइमं, सगळंच विखुरतं. कर्करोगाच्या रुग्णाला दुसऱ्याच्या कर्कपेशीचा डीएनए चुकूनही जाऊ नये, याची हमी कोण देणार?

भाचा: शुद्धीकरणाच्या पायऱ्या असतात, डीएनए पचवणारी एन्झाइमं वापरता येतात. तरी माणसासाठी अशी सेल लाइन कुणी वापरू नये, हे मलाही मान्य आहे. रक्तदात्याच्या निरोगी पेशी किंवा रुग्णाच्या स्वतःच्या पेशी घ्याव्या लागतील.

आत्या: स्वतःच्या पेशी म्हटलं की प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बॅच. केमोचे डोस घेऊन अशक्त झालेल्या माणसाच्या पेशी काढायच्या, वाढवायच्या, गाळायच्या, तपासायच्या. खर्चाचा विचार केला आहेस?

भाचा: केला आहे, आणि त्यावरचं उत्तर आपल्या मुंबईतच आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ ही कार-टी पेशी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. तो उपचार रक्तातल्या कर्करोगाचा आहे, आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंध नाही. पण रुग्णाच्या पेशी काढून, बदलून, तपासून परत देण्याची सगळी साखळी इथे उभी राहिली, आणि परदेशी किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्शात. पुटिका तर जिवंत पेशीही नाहीत. त्या गोठवून साठवता येतील.

आत्या: कार-टी पेशी शरीरात गेल्यावर स्वतः वाढतात, म्हणून थोड्या पुरतात. तुझ्या पुटिका वाढत नाहीत. प्रत्येक डोसला नव्याने भराव्या लागतील, आणि आमचा उपचार दर दोन आठवड्यांनी, महिनोन्‌महिने चालतो. प्रत्येक बॅचमध्ये औषध तितकंच भरलं आहे हे कसं मोजणार?

भाचा: सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. आमच्या क्षेत्राला त्याचे चटकेही बसले आहेत. विजेचा झटका देऊन पुटिकेत आरएनए भरण्याची पद्धत फार वापरली जायची. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं की त्या झटक्याने आरएनएचे गोळे बनतात, आणि पुटिकेत भरला म्हणून मोजलेला बराचसा माल प्रत्यक्षात बाहेरचे हे गोळेच असू शकतात. त्यानंतर लोक जास्त काटेकोर झाले. पुटिकांवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि २०२३ मध्ये किमान काय तपासावं, काय नोंदवावं याचे दंडक काढले. ज्या क्षेत्रात आपल्याच मोजमापावर असे प्रश्न उघडपणे विचारले जातात, त्यावर थोडा विश्वास ठेवावा असं मला वाटतं.

आत्या: संशोधकांवर माझा विश्वास आहे. भीती वाटते ती त्यांच्या शब्दांचं बाहेर काय होतं याची. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला, कारण नेब्रास्कात एक्सोसोम म्हणून टोचलेल्या, कुणीही मंजूर न केलेल्या द्रव्यांनी रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. तुझा उंदरावरचा निकाल बातमीत 'कॅन्सरवर नवा उपाय' होऊन येतो. ती बातमी घेऊन माणसं माझ्याकडे येतात आणि विचारतात, चालू केमो थांबवून याची वाट पाहू का? त्यांना काय उत्तर द्यायचं?

भाचा: थांबवू नका, हेच. ते मी लिहूनही देईन. पण या भीतीपोटी काम थांबलं तर तेही रुग्णाचंच नुकसान आहे. कोडियाक ही एक्सोसोमवरची अमेरिकन कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा अनेकांनी विषयच संपला असं म्हटलं. कंपनीचा पैसा संपणं आणि कल्पना खोटी ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आत्या: कबूल. पण पैसा मर्यादित असतो, वेळही. २०१८ मध्ये आयडिया अभ्यासगटाने बारा हजारांहून जास्त रुग्णांचे आकडे एकत्र करून दाखवलं की कमी जोखमीच्या तिसऱ्या टप्प्यात कॅपेसायटाबिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिनची जोडी सहा महिन्यांऐवजी तीन महिने दिली तरी जवळपास तेवढाच फायदा होतो. आणि मज्जातंतूंचा मध्यम किंवा तीव्र त्रास होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास येतं. नवीन वाहन नाही, नवीन रेणू नाही. फक्त नीट विचारलेला प्रश्न. तसंच डीपीडीचं. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं त्यांना फाइव्ह-एफयूचा नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. जनुकाच्या एका तपासणीत बराच धोका आधी कळतो. युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये ती तपासणी करण्याची शिफारस केली. आपल्याकडे अजून किती जणांची होते? तुझ्या पुटिकेवरचा पुढचा रुपया आणि या तपासणीवरचा पुढचा रुपया, यात मी तपासणी निवडेन.

भाचा: इथे मी तुझ्याशी सहमत नाही. ती तपासणी व्हायलाच हवी, पण ती ज्यांच्यात दोष आहे त्यांनाच वाचवते. तीन महिन्यांचा उपचार कमी जोखमीच्या रुग्णाला पुरतो. ज्याचा आजार यकृतात पसरला आहे, ज्याला औषध वर्षभर लागणार आहे, ज्याची गाठ औषधाला सरावली आहे, त्याच्यासाठी या दोन्हींत काही नाही. शरीर सोसेल तेवढंच औषध, ही कमाल मर्यादा त्याच्या डोक्यावर तशीच राहते. ती मर्यादा उचलायची असेल तर औषधाचा मार्ग बदलण्याला पर्याय नाही. हे काम वीस वर्षांनी फळणार असेल, तर ते आज सुरू असायला हवं.

आत्या: मग असं करू. तुझ्या रुपयाला मी विरोध करत नाही, पण तो खर्च कसा व्हावा हे सांगते. पहिली अट: डॉक्सोरुबिसिन पुरे. आता ऑक्सॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन किंवा फाइव्ह-एफयूच भरायचं. दुसरी: तुलना मोकळ्या औषधाशी, साध्या लिपोसोमशी आणि रिकाम्या पुटिकेशीही व्हायला हवी. रिकामी पुटिका गाठीला खतपाणी घालत नाही ना, हे तुला दाखवावं लागेल. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं होतं की कर्कपेशींच्या पुटिका दूरच्या अवयवात आधीच जाऊन गाठीसाठी जमीन तयार करतात. म्हणजे पुटिका या वस्तू निरुपद्रवी नव्हेत.

भाचा: मान्य. म्हणून पुटिका कर्कपेशींच्या नकोत, असंच माझंही मत आहे. पुढे?

आत्या: तिसरी अट: गाठ कातडीखाली लावून मापपट्टीने मोजणं सोपं आहे, पण माझ्या रुग्णाची गाठ आतड्यात आणि यकृतात असते. तिथे लावलेल्या गाठीवर प्रयोग कर, आणि प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या प्राण्यात. चौथी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमच्या शोधनिबंधातली पहिली आकृती नेहमी गाठ किती आटली याची असते. शरीराच्या हानीची एखादी ओळ शेवटी येते, ती बहुतेक उंदराच्या वजनाची. ऑक्सॅलिप्लॅटिन मणक्यालगतच्या संवेदी चेतापेशींच्या गुच्छांत साठतं, तिथून बधिरपणा सुरू होतो. त्या गुच्छांत प्लॅटिनम किती पोचलं, पंजाला थंडाव्याची आणि स्पर्शाची जाणीव किती उरली, हे मोजून पहिल्या आकृतीत दाखव. पुटिकेचं खरं वचन तेच तर आहे: गाठ तितकीच मारीन, बाकीचं शरीर वाचवीन. या वचनाचा दुसरा भाग तुम्ही मोजतच नाही.

भाचा: वचनाचा दुसरा भाग. हे मी लिहून ठेवतो. या अटींवर प्रयोग महाग होईल आणि निकाल कमी झळाळता दिसेल. पण तो तुझ्यासारख्या डॉक्टरला वापरता येईल असा निकाल असेल.

आत्या: आणि आज माझ्यासमोर बसलेल्या रुग्णाला मी सांगेन की वेळापत्रकाप्रमाणे केमो घ्या, मुंग्या वाढल्या की लगेच सांगा, लपवू नका, आणि कुणी एक्सोसोमचं इंजेक्शन देतो म्हणाला तर तिकडे फिरकू नका. हे सांगताना मला तुझ्या कामाचा अनादर करायचा नाही. ज्या दिवशी तुझ्या पुटिकेतल्या ऑक्सॅलिप्लॅटिनने गाठ तितकीच आटली आणि उंदराच्या पंजाची संवेदना टिकली असं तू दाखवशील, त्या दिवशी माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी नैतिकता समितीसमोर तुझ्या बाजूने मी बोलेन.

भाचा: आणि गाठ आटली पण संवेदनाही गेली असं दिसलं, तर तो निकालही मी तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध करेन. पुढच्या संशोधकाची त्या वाटेवरची काही वर्षं त्याने वाचतील. आणि मोकळ्या औषधापेक्षा पुटिकेचा काही फायदा नाही हे आधीच ठाऊक असताना त्या चाचणीत एखाद्या रुग्णाला उतरवण्याची वेळ येणार नाही.